ओवाळणीतली बाटली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ग्रंथींच्या आजारांच्या विभागाचे प्रमुख, आदरणीय डॉक्टर राजवर्धन सरनोबत साहेब. प्रमुख पाहुण्या, या रुग्णालयाच्या माजी मेट्रन सत्यभामाताई गोळे. आज ज्यांचा निरोप आहे आणि ज्या मघापासून घड्याळाकडे बघताहेत त्या उज्वला करंदे सिस्टर. व्यासपीठावरची इतर मान्यवर मंडळी. डॉक्टर, नर्सताई, मावश्या, लॅबमधले कर्मचारी. आणि समोर बसलेल्या माझ्या आजाराच्या भावंडांनो, सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव बाबासो शेडगे. गाव पाटण तालुक्यातलं, मुक्काम जुईनगर. सव्वीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार होतो, त्यातली शेवटची आठ वर्षं टोळीचा मुकादम. भाषणाची सवय आहे मला, नाही असं नाही. पण ती गेटवर उभं राहून, ट्रकच्या हॉर्नच्या वर आवाज काढायची. इथं माईक आहे, एसी आहे, समोर फुलदाणी आहे. आवाज चढला तर कोणीतरी फुलदाणी धरा.

मघाशी निवेदन करणाऱ्या ताईंनी मला दोनदा व्यासपीठावर बसायला बोलावलं. दोन्ही वेळा मी खालूनच हात जोडले. त्यांचा मान राखला नाही असं कृपा करून समजू नका. तिसऱ्या रांगेतली ती कडेची खुर्ची मला भाषणापुरतीच सोडता येते. का, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

तर माझ्या आधी पाच जण बोलले. सगळे छान बोलले. एका डॉक्टरसाहेबांनी तर सांगितलं की सत्तावीस वर्षांच्या नोकरीत सिस्टरांच्या हातून एकही चूक झाली नाही. टाळ्या पडल्या. त्या वेळी सिस्टर मान हलवत होत्या. आपल्याला वाटलं, नम्रता आहे. नाही हो! त्या खरंच ‘चुकीचं सांगताय’ असं म्हणत होत्या. त्यांच्या हातून एक चूक झालेली आहे. माझ्या हातून त्याच प्रकरणात तिच्याहून फार मोठी झालेली आहे. दोन्ही चुका फायलीत आहेत, तारखेनिशी. आणि मी आज त्याबद्दलच बोलणार आहे. साहेब, परवानगी आहे ना? साहेब हसले. म्हणजे आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. तिच्यावर गाठ आली आणि ती वाढीचा हार्मोन सोडत सुटली, की मोठा माणूस परत वाढायला लागतो. पण उंची वाढत नाही. हात वाढतात, पाय वाढतात, जबडा पुढं येतो, जीभ जाड होते. लाखात पाच-सहा जणांना होतो हा आजार. मला झाला तेव्हा बाजारात सगळ्यांना आनंदच झाला! “बाबासो, काय पंजा झालाय रे तुझा, पैलवानासारखा!” गावाकडं जत्रेत लोक माझ्याबरोबर फोटो काढायचे. आणि मी आतनं पोकळ होत चाललो होतो. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतली की गुडघे थरथरायचे. डोकं फुटायचं. घामानं दिवसाला तीन बनियन भिजायचे. चपलेचा नंबर नऊवरून बारावर गेला. पाच वर्षं लोक मला ताकदवान म्हणत राहिले आणि मी मुकादम असून कमी वजनाचं काम शोधत राहिलो. कुणाला सांगायचं?

शेवटी या रुग्णालयात आलो. नाकातून ऑपरेशन झालं, पण गाठीचा थोडा भाग मागे राहिला. तेव्हा सरनोबत साहेबांनी सांगितलं की दर महिन्याच्या इंजेक्शनाऐवजी रोज घ्यायची गोळी तपासायची आहे, तयार आहात का? निम्म्या लोकांना खरं औषध मिळेल, निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय, ते पेशंटला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, सिस्टरांनाही नाही. आजार इतका दुर्मीळ की सगळ्या देशांतनं मिळून छप्पन्न माणसं जमली होती. आपल्या इथले पाच.

पहिल्या दिवशी फॉर्म भरताना मी वय चुकीचं लिहिलं आणि पेनानं असं गिरगटलं की कागद फाटायचा बाकी राहिला. सिस्टरांनी हातातनं पेन काढून घेतलं. म्हणाल्या, “शेडगे, इथं चूक खोडायची नाही. एक सरळ रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर ते लिहायचं, तारीख घालायची आणि सही करायची.” मी मनात म्हटलं, बाई फारच कडक आहे. आणि खरं सांगतो, मला तेव्हा त्या अजिबात आवडल्या नव्हत्या.

त्या पाचांतल्या एक होत्या सखूताई. पावणे गावच्या. हो, एमआयडीसीतल्याच पावण्याच्या. कारखान्यांच्या मधोमध त्यांचं जुनं घर आहे, मागे भाड्याच्या चार खोल्या. आमची तपासणी एकाच गुरुवारी असायची. रक्त देऊन झालं की दोन तास बसून राहावं लागायचं. बाकीचे मोबाइल बघायचे. आम्ही दोघं एकमेकांचे हात बघायचो. हसू नका, या आजारात पहिल्यांदा कोणीतरी आपल्यासारखे हात असलेलं भेटतं तेव्हा काय वाटतं, ते समोरच्या भावंडांना विचारा. माझी आई गेल्यावर मी कुणापुढं रडलो असेन तर त्या बाकावर, सखूताईंपुढं.

आमच्या दोघांच्याही बोटांत अंगठ्या रुतलेल्या होत्या. माझी चांदीची, जोतिबाची. त्यांची सोन्याची, लग्नातली. अभ्यास सुरू होऊन दोन महिने झाले आणि एका गुरुवारी हात धुताना माझी अंगठी फिरली. सहा वर्षांनी! मी साबण लावून ती काढली आणि लहान पोरासारखा धावत बाकापाशी आलो.

सखूताईंनी ती हातात घेऊन बघितली. मग आपला हात पुढं केला. “दादा, माजी बघ. साबन लावला, त्याल लावला, जरा पन हालत नाय. मना वाटतं माज्या बाटलीन काय नाय.”

मी म्हटलं, “ताई, असं काही नसतं, वेळ लागतो.” पण मलाही तेच वाटत होतं.

आता आमच्या टोळीची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. टोळीत एखाद्याचं अंग दुखत असलं तर तो सुट्टी मागत नाही आणि आपण विचारतही नाही. त्याच्या वाटणीची गोणी दुसरा उचलतो. बोलायचं नाही, सांगायचं नाही. व्यापाऱ्याला कळतसुद्धा नाही की आज अमक्यानं कमी उचललं. आयुष्यभर हे केलंय मी. यालाच माणुसकी म्हणतात, असंच शिकलोय.

दिवाळी आली. भाऊबीजेला सखूताईंनी घरी बोलावलं. पाटावर बसवलं, ओवाळलं. आणि मी तबकात माझी गोळ्यांची बाटली ठेवली. मागे कोणीतरी हसलं. हसा, भावानं ओवाळणीत बाटली घातली हे ऐकायला मजेशीरच आहे. सखूताई हसल्या नव्हत्या. त्या बघतच राहिल्या. मी म्हटलं, “पंधरा दिवस माझी बाटली तुमच्याकडं, तुमची माझ्याकडं. पुढचे पंधरा दिवस उलट. मध्येच तपासणी आली तर गेटवर ज्याची त्याला. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, फक्त नंबर वेगळा.”

त्या नको म्हणाल्या. तीनदा म्हणाल्या. मग मी म्हटलं, “भावाची ओवाळणी परत करतात का?” या वाक्यापुढं कोणती बहीण काय बोलणार? हे वाक्य मी बोललो आहे. ते माझ्या नावावर आहे.

त्याच्या पुढच्या गुरुवारी सिस्टरांसाठी आम्ही दोघांनी मिळून करंज्या नेल्या. सिस्टरांनी एक खाल्ली. म्हणाल्या, “बहीण-भावाची जोडी छान जमली.” एवढंच. पुढं काही विचारलं नाही. हे लक्षात ठेवा, हे परत येणार आहे.

असे तीन महिने गेले. गोळ्या मोजल्या तर बरोबर भरायच्या, कारण रोजची एक गोळी कुणीतरी खातच होतं. मला घाम परत यायला लागला, अंगठी परत घट्ट झाली; मी म्हटलं, चालतंय, ओझं वाटून घेतलंय. सखूताईंना थोडं बरं वाटायला लागलं. मी खूश होतो हो! मला वाटायचं, जगातल्या सगळ्या डॉक्टरांपेक्षा मी शहाणा.

फेब्रुवारीतल्या गुरुवारी सखूताईंना यायला उशीर झाला. गेटवर भेट झाली नाही. माझं नाव पुकारलं, आणि मी त्यांची बाटली सिस्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी नंबर बघितला. रजिस्टर बघितलं. परत नंबर बघितला. मग माझ्याकडं बघितलं. एवढ्यात सखूताई दारात आल्या, त्यांच्या हातात माझी बाटली.

सिस्टरांना एक सवय होती, नियमात नसलेली. प्रत्येक पेशंटला समोर बसवायच्या, आपल्या नाकाकडं बघायला सांगायच्या आणि दोन्ही बाजूंनी बोटं हलवून विचारायच्या, किती? कारण ती गाठ वाढली तर डोळ्यांच्या नसांवर दाब येतो आणि नजर कडेनं कमी होते. माणसाला स्वतःला कळत नाही, तो फक्त दारांना आपटायला लागतो. त्या दिवशी त्यांनी सखूताईंना आधी बसवलं. उजवीकडं दोन बोटं धरली. सखूताई जरा थांबून म्हणाल्या, दोन. डावीकडं तीन धरली. सखूताई नाकाकडं बघत बसल्या. सिस्टरांनी बोटं हलवली. सखूताई म्हणाल्या, “दाखवा ना, कवा दाखवताव?”

सिस्टरांनी हात खाली घेतला. मग मला विचारलं, “शेडगे, कधीपासून?” मी सांगितलं, भाऊबीजेपासून.

सखूताई म्हणाल्या, “दादाला काय बोलू नका. मना समदा म्हाईत होता.”

त्या दिवशी सरनोबत साहेबांनी तातडीनं परवानगी घेऊन सखूताईंचा नंबर उघडला. त्यांच्या बाटलीत औषध नव्हतंच. मला वाटलं, बघा, म्हणजे मी बरोबर होतो! मी तसं बोललोसुद्धा. तेव्हा सिस्टरांनी मला बाहेरच्या बाकावर नेलं आणि जे सांगितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्या म्हणाल्या, “शेडगे, पहिल्या दिवशी मी तुम्हाला एक पान वाचून दाखवलं होतं. ज्याच्या रक्तातला हार्मोनचा आकडा ठरलेल्या रेषेच्या वर जाईल, त्याला लगेच अभ्यासातून काढून नेहमीचं इंजेक्शन द्यायचं. फुकट. तेवढ्यासाठीच आम्ही दर तपासणीला रक्त घेतो. तुमच्या गोळ्या मिळाल्या नसत्या, तर सखूताईंचा आकडा डिसेंबरातच रेषेच्या वर गेला असता. डिसेंबरात त्यांना इंजेक्शन मिळालं असतं. तुमच्या अर्ध्या औषधानं तो आकडा रेषेच्या खाली बोटभर धरून ठेवला. गाठ थांबली नाही. फक्त आम्हाला दिसली नाही.”



आणि मग माझ्यातला मुकादम जागा झाला. मी हात जोडले. म्हटलं, “सिस्टर, एवढं सांभाळून घ्या. नंबर लिहिताना चुकला म्हणा. मला काढतील हो यातनं. कितीतरी वर्षांनी अंगठी निघाली होती माझी. एवढं सांभाळून घ्या.”

त्या म्हणाल्या, “तुमच्या गोडाऊनमध्ये गोण्यांची थप्पी लावतात ना? खालची एक गोणी कुजकी आहे हे तुम्हाला माहीत आहे. वर चढणाऱ्याला सांगाल की नाही?”

मी म्हटलं, “सांगीन.”

“मग या गोळीवर उद्या हजारो माणसं चढणार आहेत. मला लिहावंच लागेल.”

आणि त्यांनी लिहिलं. माझं नाव नाही, पेशंटचा नंबर असतो, पण सगळं लिहिलं. भाऊबीज, ओवाळणी, गेट, पंधरा-पंधरा दिवस. मी अभ्यासातून बाहेर झालो. नवीन पेशंट घेणं चार महिने बंद राहिलं. तपासणीला बाहेरून माणसं आली. त्या काळात साहेब कँटीनमध्ये चहा घ्यायचे आणि तसाच ठेवून उठायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. साहेब, खोटं असेल तर सांगा.

मी सिस्टरांवर चिडलो. फार चिडलो. सात महिने त्यांच्याशी बोललो नाही. महिन्याला इंजेक्शन घ्यायला यायचो आणि मान फिरवून जायचो. टोळीत सांगायचो, बाईनं मला बुडवलं. आणि तोवर सखूताईंचं दुसरं ऑपरेशन झालं, इंजेक्शन सुरू झालं. उजव्या बाजूची नजर परत आली. डावीकडची कड आली नाही. ती आता येणार नाही. डावीकडून कोणी आलं की सखूताईंना दिसत नाही. रिक्षा असो, नातू असो, भिंत असो. म्हणून त्या कुठंही निघाल्या की मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालतो, आणि कुठंही बसल्या की डाव्या बाजूला बसतो. ती तिसऱ्या रांगेतली खुर्ची त्यासाठी आहे. व्यासपीठावरून ते जमत नाही.

सात महिन्यांनी एका गुरुवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि फाइल पुढं सरकवली. म्हणाले, वाचा. सिस्टरांनी तपासणीवाल्यांना दिलेलं निवेदन होतं, मराठीतलं. त्यात माझ्या चुकीच्या खाली त्यांनी स्वतःची लिहिली होती. ‘दोन्ही पेशंटना एकाच दिवशी मी बोलावत होते. त्यांचं नातं जुळलेलं मी पाहिलं, त्याचा मला आनंद झाला, आणि या आनंदात जे विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही. ही माझी चूक.’ खाली तारीख. खाली सही. कोणी मागितलं नव्हतं हो त्यांना हे! एक करंजी खाल्ली होती बाईंनी.

त्याच फायलीत आणखी आठ पत्रं होती. अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात, जिथं सगळ्यांना खरंच औषध मिळतं, तिथं मला परत घ्यावं म्हणून. आकडेवारीत धरू नका, पण औषध द्या, असं. सात पत्रांना नकार आला होता. आठव्याला होकार.

मी केबिनमधनं बाहेर आलो आणि सिस्टरांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिलो. माफी मागायची होती, नुसते हात जोडले. त्या म्हणाल्या, “रडायचं असेल तर नंतर रडा. आधी एक काम करा. दर वेळी नवीन पेशंट येईल तेव्हा त्याच्या शेजारी बसा आणि तुम्ही काय केलंत ते त्याला सांगा. मी सांगितलं तर नियम वाटतो. तुम्ही सांगितलंत तर कळेल.”

ते काम मी धरलं. आजवर एकेचाळीस जणांना सांगितलंय. प्रत्येक वेळी सखूताईंच्या डोळ्यापर्यंत आलो की वाटतं, एवढं सोडून पुढं जावं. पण एकदाही गाळलं नाही. आणि आपल्या मराठी माहितीपत्रकात सिस्टरांनी भांडून एक वाक्य घालून घेतलं आहे, सहाव्या पानावर: ‘हे औषध कोणालाही देऊ नये, नातेवाइकाला, मित्राला, किंवा सणाला भेट म्हणूनही नाही.’ दुसऱ्या देशातले लोक विचारत असतील, सणाला औषध कोण देतं? मी देतो. त्या वाक्यात मी आणि सखूताई आहोत. छप्पन्नांच्या निकालात आम्ही दोघं कुठंच नाही. त्या निकालात गोळी लागू पडते असं निघालं, आणि ते मला पटतं, कारण त्यात माझं खोटं मिसळलेलं नाही.

सिस्टर, आता तुमच्याकडं बघून बोलतो. खाली बघू नका. पुढच्या महिन्यात कुशिंगच्या आजारावरच्या, म्हणजे याच ग्रंथीच्या दुसऱ्या एका आजारावरच्या, नव्या औषधाचा अभ्यास सुरू होतोय. तुमच्या खुर्चीवर मनस्वी मॅडम बसणार आहेत. हुशार आहेत, तुमच्याच हाताखाली शिकल्यात. आता सगळं टॅबवर भरायचं आहे म्हणे, पेशंटनं पेशंटला भेटायची गरज उरणार नाही. साहेब, माझी भर सभेत विनंती आहे, तो बाक काढू नका. बाकावर बसलो म्हणून चूक झाली, हे खरं आहे. पण मी तिथं बसून सांगतो म्हणून ती परत झाली नाही, हेही तेवढंच खरं आहे. तुम्ही बाक ठेवा. गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी तिथं असेन. त्रेचाळीस, पन्नास, शंभर, जितकी माणसं येतील त्यांना सांगेन. बेचाळिसावी वेळ आज झाली, आणि या वेळी साडेतीनशे लोकांपुढं.

मनस्वी मॅडम, एक तुम्हालाही. बोटं दाखवायची सवय नियमात अजूनही नाही. सोडू नका.

वेळ बराच घेतला. आयोजकांनी पाच मिनिटं दिली होती, मी मुकादमासारखी स्वतःच वाढवून घेतली. बोलायची संधी दिली याबद्दल अध्यक्षांचे, सत्यभामाताईंचे, समारंभासाठी खपलेल्या सर्वांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचे आभार मानत नाही. ते दर गुरुवारी मानीन.

शेवटी ‘काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या’ असं म्हणायची पद्धत आहे. मी ते वाक्य जन्मात एकदाच अगदी जिवाच्या आकांतानं म्हटलं होतं, आणि या बाईंनी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर माझं खोटं त्या निकालात मिसळलं असतं, उद्या आणखी कुणाची नजर गेली असती आणि मला कळलंही नसतं. म्हणून आज मंडळी, माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल, तर सांभाळून घेऊ नका. एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता येऊ द्या, बाजूला तारीख घाला. सही करायला मी आहे, तिसऱ्या रांगेत, सखूताईंच्या डाव्या बाजूला.